पोलोनेझमधली टाळी

आप्पा कॅलेंडरच्या मागे बघत होते.

कॅलेंडर इचलकरंजीच्या एका सूत व्यापाऱ्याचं होतं. मामा दरवर्षी पोस्टाने पाठवायचा. आप्पांनी ते खालच्या टोकाला धरून उचललं, मागच्या कोऱ्या भिंतीकडे नीट बघितलं आणि सोडून दिलं. मग तांदळाचा डबा उघडून त्यात कोपरापर्यंत हात घातला.

"तांदळात कसे असतील पासपोर्ट?" मी म्हणाले.

"वस्तूला पाय फुटले की ती कुठंबी जाती," ते म्हणाले आणि दाणे झटकत गादीकडे वळले. गादी एकदा उचलून झाली होती. त्यांनी ती पुन्हा उचलली.

शुक्रवार होता. जानेवारीत इथे पोलंडमध्ये चारलाच अंधार पडतो, त्यामुळे खोलीतला दिवा केव्हाचा लागला होता. मंगळवारी दुपारी आमचं भारतात परतायचं विमान होतं. आणि दोन्ही पासपोर्ट, त्यांचा आणि माझा, एकाच रबरबँडमध्ये, दारामागे माझ्या कोटाखाली टांगलेल्या बुटांच्या पिशवीत होते. बुधवारी सकाळी मीच ते तिथे ठेवले होते.

मी अठरा वर्षांची होते तेव्हा.

शहराचं नाव नकाशात वाचलं तर लोड्झ असं वाटतं, पण म्हणायचं वूच. पोलंडमधलं जुनं गिरण्यांचं शहर. इचलकरंजीत आप्पा जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग ठीक करणारे. दीडशे मागांच्या गोंगाटात उभं राहून, हात न लावता, कुठल्या मागाचा धोटा कुरकुरतोय ते सांगायचे. एका गुजराती मालकाने वूचमध्ये कापडाचा कारखाना काढला तेव्हा त्याला असाच कान हवा होता. आई जाऊन दोन वर्षं झाली होती. आत्या म्हणाली, पोरीला माझ्याकडे ठेव आणि जा. आप्पा म्हणाले, "जिथं मी तिथं ती." तेरा वर्षांची मी त्यांच्याबरोबर बर्फात उतरले.

पाच वर्षांनी, डिसेंबरात, कारखाना बंद पडला. आप्पांनी दोन तिकिटं काढली. माझी शाळेची शेवटची परीक्षा मे महिन्यात होती. ती दिली नाही तर परक्या भाषेत रडत रडत शिकलेली पाच वर्षं वाया जाणार होती; इचलकरंजीत मला पुन्हा दहावीपासून सुरुवात करावी लागली असती. माझ्या वर्गातल्या ओलेकच्या आईने मला मेपर्यंत त्यांच्या घरातली एक खोली देऊ केली होती. हे मी आप्पांना तीनदा सांगितलं. पहिल्यांदा ते हत्यारांची पेटी पुसत राहिले. दुसऱ्यांदा म्हणाले, "परक्याच्या घरात? दाराला आतनं कडी हाय का न्हाई ते बी ठाऊक न्हाई." तिसऱ्यांदा तेच जुनं. जिथं मी तिथं तू.

मग मी पासपोर्ट लपवले. नवे मिळवायला राजधानीत खेपा घालाव्या लागतात, आठवडे जातात, तोवर परीक्षा जवळ येईल, असा माझा हिशेब. पुढचं काहीच ठरवलेलं नव्हतं.

बुधवारी संध्याकाळी त्यांच्या लक्षात आलं. त्या दिवशी ते जॉबरसारखं शोधत होते. एक खण पूर्ण रिकामा करायचा, वर्तमानपत्रावर मांडायचा, एकेक वस्तू उलटून बघायची, परत जागच्या जागी लावायची, मग दुसरा खण. मला काही विचारलं नाही. शेवटी खुर्चीवर बसून म्हणाले, "माझ्याच हातनं कुठं पडलं असणार. कारखान्यात कागद द्यायला गेलो हुतो तवा." मी भाजी चिरत राहिले.

आज शुक्रवारी मात्र त्यांच्या शोधण्यात काही ताळतंत्र नव्हता. कॅलेंडर काय, तांदूळ काय. मला वाटलं, घाबरलेत. आपण आपल्या बापाला असं घाबरवतोय हे मला दिसत होतं आणि मी तशीच उभी होते.

"कसला वास येतोय?" मी विचारलं. खोलीत सोल्यूशनचा उग्र वास भरला होता.

"वरच्या आजींच्या बॅगेचा तळ सुटला हुता. चिकटवून दिला. चोवीस तास हात लावू नका म्हटलं, कळलं का न्हाई कुणास ठाऊक. बोटं दाखवली. दहा, दहा आणि चार."

"मग?"

"त्यांनी मला केक दिला. म्हणजे कळलं असणार."

त्यांनी कोट चढवला. कारखान्यातला लॉकर एकदा बघून येतो म्हणाले. दारातून वळून म्हणाले, "आज नाच न्हाई न्हवं? मग पायाला आराम दे. बूट उद्याच घाल."

ते गेल्यावर मी दारामागे जाऊन पिशवी बाहेरूनच दाबून बघितली. पासपोर्टच्या कडा हाताला लागल्या. मग मी खाली बसून राहिले.

नाच म्हणजे पोलोनेझ. शेवटच्या परीक्षेला शंभरएक दिवस उरले की इथल्या शाळांत एक मोठा समारंभ होतो. काळे सूट, लांब झगे, आईबाप बघायला. आणि त्याची सुरुवात पोलोनेझनेच. नाच म्हटलं तर नाच, नाहीतर नुसतं चालणं. जोड्या एकामागे एक, मुलीचा हात मुलाच्या हातावर, मान ताठ, नजर समोर. तीन मात्रांचं संथ संगीत. पहिल्या मात्रेच्या पोटात दोन बारीक ठोके आणि मग पुढच्या दोन मात्रा भारदस्त, घोड्यावरून उतरलेल्या माणसासारख्या. तीन पावलं चालायची आणि तिसऱ्याला गुडघा किंचित मोडायचा. सगळी गंमत त्या मोडण्यात. जास्त मोडला की लंगडल्यासारखं दिसतं, मोडलाच नाही तर परेड.

नोव्हेंबरपासून शाळेच्या व्यायामशाळेत तालमी चालू होत्या. शिकवायच्या हालिनाबाई. साठीच्या, बारीक, गळ्यात शिट्टी. जोड्या त्यांनी उंचीप्रमाणे लावल्या. मुलींत मी सगळ्यात बुटकी आणि मुलांत ओलेक, म्हणून पहिली जोडी आमची. सगळ्यात शेवटी यानेक, जो दारातून येताना वाकायचा.

पण वर्गात मुली बारा आणि मुलगे तेरा. कुणालाच बाहेर बसवायचं नाही म्हणून हालिनाबाईंनी जुन्या काळची एक रीत उकरून काढली. जोडी नसलेला मुलगा संगीत चालू असताना पहिल्या जोडीसमोर येतो आणि टाळी वाजवतो. एकच. टाळी ऐकली की पहिल्या मुलाने आपल्या जोडीदारणीचा हात सोडायचा. तो हात टाळीवाल्याचा. सुटलेला मुलगा मागे सरकून दुसऱ्या जोडीतली मुलगी घेतो, तिचा मुलगा तिसरीतली, असं शेवटपर्यंत. शेवटचा मुलगा एकटा उरतो. मग तो चालत पुढे येतो आणि पुन्हा टाळी.

"टाळी नाकारता येत नाही," हालिनाबाई सांगायच्या. "वाद नाही, रुसवा नाही. हात सोडायचा, तोही हसून. सभ्यता म्हणतात ती हीच."

अंधार लवकर पडतो म्हणून आप्पा मला न्यायला यायचे आणि व्यायामशाळेच्या दाराशी उभे राहायचे. पहिल्याच आठवड्यात, पियानो ऐकता ऐकता, त्यांनी आपल्या सवयीने समेवर टाळी दिली. इचलकरंजीच्या भजनात ते टाळ धरायचे, हात गप्प बसत नसत. ओलेकने दचकून माझा हात सोडला, त्याच्या मागच्याने त्याच्या जोडीदारणीचा, आणि सगळी रांग कोसळली. हालिनाबाई शिट्टी वाजवत दाराशी आल्या आणि आप्पांना बरंच काही म्हणाल्या.

"काय म्हणत्यात बाई?"

"इथे टाळी द्यायची नाही. टाळी दिली म्हणजे मुलगी मागितली असं होतं."

आप्पा हसले. "मुलगी माझीच हाय म्हणावं." पण त्यानंतर ते हात खिशात घालूनच उभे राहायचे. फक्त एकदा ट्रॅममध्ये म्हणाले, "चाल बरी हाय त्या नाचाची. माग नीट चालला की असाच वाजतो. धोटा तिसऱ्यावर परततोय."

गुरुवारी शेवटची तालीम झाली. माझे बूट नवे होते, तळ काचेसारखे गुळगुळीत. आधीही घसरायचे, त्या दिवशी तर मी सरळ खाली बसले.

"मान्या, खाली काही सांडलंय का?" हालिनाबाई म्हणाल्या. मंजिरी त्यांना जमत नव्हतं, म्हणून सगळी शाळा मला मान्या म्हणायची.

सगळे हसले. दाराशी आप्पा होते. ते हसले नव्हते. ते माझ्या बुटांकडे बघत होते.

शनिवारी सकाळी त्यांनी माझी वेणी घातली. आई गेल्यापासून तेच घालायचे, सूत वळल्यासारखी घट्ट, डोळे ताणले जायचे.

"सैल घाला की थोडी."

"सैल घातली की सुटती." आणि मग पिन तोंडात धरून, "कारखान्यात बी न्हाई मिळालं."

आरशात ते माझ्याकडे बघत होते. आत्ता सांगावं, असं वाटलं. सांगितलं की मंगळवारी विमानात. मी म्हणाले, "उशीर होतोय, आप्पा."

इथपर्यंत लिहिलं त्याला चार दिवस झाले. माझी मुलगी ईरा दुपारी झोपते तेवढाच वेळ माझा, आणि या आठवड्यात तिने झोपायचंच सोडलं होतं.

शाळेच्या सभागृहाबाहेर एका वर्गात सगळ्यांचे कोट टांगायची सोय केली होती. आमच्या कोटांच्या रांगेतच आईबापांचे कोट. मी घाईघाईत बर्फाचे बूट काढून पिशवीत कोंबले, नाचाचे बूट पायात घातले, पिशवी कोटाखाली टांगली. ओलेक बाजूला टाय ओढत उभा होता.

"सांगितलंस?"

"नाही."

"मान्या, तो माणूस काल लॉकर बघायला गेला होता म्हणालीस. बंद कारखान्यात. उणे नऊमध्ये."

"सांगितलं तर मी मंगळवारी जाते."

"आणि नाही सांगितलंस तर?"

मी टांगलेली पिशवी कोटाखाली नीट सरकवली.

"माझी आई पलंगावर नवी चादर घालून बसली आहे तुझ्यासाठी," तो म्हणाला. "पण तिला जर कळलं ना हे, ती स्वतः तुला विमानतळावर सोडून येईल. कान धरून."

हालिनाबाई आत आल्या. निळा झगा होता, पण शिट्टी गळ्यातच. तेरावा मुलगा बार्तेक तापाने आला नव्हता. "म्हणजे बारा आणि बारा," त्या म्हणाल्या. "टाळी नाही. चार फेऱ्या, नमस्कार, संपलं. मान्या, आज जमिनीवर बसू नकोस."

दारं उघडली. संगीताचे म्हातारे शिक्षक पियानोवर होते. दोन्ही भिंतींना लागून आईबाप. आप्पा उजवीकडे तिसऱ्या खिडकीपाशी, लग्नातला तपकिरी कोट घालून, हात खिशात. मी ओलेकच्या हातावर हात ठेवला आणि आम्ही निघालो.

पहिली फेरी नीट झाली. मी घसरले नाही. दर तिसऱ्या पावलाला भीती वाटायची आणि दर तिसऱ्या पावलाला बूट जमिनीला धरून राहायचे. चोवीस पावलांचा एकच आवाज येत होता. दुसरी फेरी सुरू झाली, आम्ही तिसऱ्या खिडकीपाशी आलो, आणि टाळी वाजली.

एकच.

आप्पा भिंत सोडून आमच्या वाटेत उभे होते.

सभागृहात हसू पसरलं. भारतातला बाप, त्याला वाटलं असेल टाळ्या वाजवायच्या. कुणीतरी त्यांना बाजूला घ्यायला पुढे आलं. पण ओलेकला ठाऊक होतं आणि मलाही. नोव्हेंबरात मीच तर त्यांना अर्थ सांगितला होता. मी हालिनाबाईंकडे बघितलं. त्यांनी क्षणभर डोळे मिटले आणि मान हलवली. टाळी नाकारता येत नाही.

ओलेक वाकला, हसला, हात सोडला. मागे एकेक मुलगा एकेक घर मागे सरकला. आप्पांनी हात पुढे केला. तळवा खाली, बोटं जुळलेली, अगदी शिकवतात तसा. मी त्यावर हात ठेवला.

"आप्पा, काय करताय?"

"समोर बघ. बाई म्हणत्यात मान ताठ."

तीन पावलं. तिसऱ्याला त्यांचा गुडघा मोडला. थोडासाच, हवा तेवढाच.

"तुम्हाला येतं?"

"दोन महिनं दाराशी उभा हाय. डोळं हुतं की उघडं."

भिंतीपाशी लोक आता हसायचे थांबले होते. आम्ही कोपऱ्यावर वळलो. त्या सभागृहात आमची भाषा कळणारं तिसरं कुणी नव्हतं. आप्पा समोर बघतच बोलले.

"मंगळवारी मी निघतो."

"पण अजून पासपोर्ट..."

"माझं मी बघतो. तू न्हाई यायचं."

मी गुडघा मोडायला विसरले.

"मोड," ते म्हणाले. मी मोडला. "परीक्षा दे. त्या पोराच्या आईला काल भेटून आलो."

"काल तुम्ही कारखान्यात गेला होता."

"वाटेवरच हाय."

वाटेवर नव्हतं. दोन ट्रॅम बदलाव्या लागायच्या, तीही उलट्या दिशेला.

"बोललात कसे त्यांच्याशी?"

"दार, कुलूप, किल्ली, स्क्रू. तेवढं पोलिश येतंय मला. कुलूप ढिलं हुतं तुझ्या खोलीचं. बदलून आलो. आतनं दोनदा फिरवायची किल्ली. एकदा फिरवून झोपू नको."

"आणि तुम्ही? तुम्ही एकटे?"

"मला काय धाड भरली."

रांगेच्या शेवटी यानेक एकटा पडला असणार, तो आता लांब ढांगा टाकत पुढे येत असणार. माझ्याकडे अर्धी फेरी होती.

"आप्पा, मला एक सांगायचंय."

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. मान ताठ ठेवायची विसरून.

"सांग."

पियानो चालू होता. तीन पावलं. पुढची तीन. ते वाट बघत होते. घाई न करता, मागाला कान लावल्यासारखं डोकं जरा कलतं करून. आणखी तीन. आता सगळं माझ्या मनासारखं झालं होतं, आता सांगायला काहीच अडचण नव्हती, आणि तरीही शब्द बाहेर येत नव्हता. आधी भीती होती म्हणून सांगितलं नव्हतं. आता लाज होती.

"काही नाही," मी म्हणाले. "नीट जा."

त्यांनी मान पुन्हा समोर वळवली.

टाळी वाजली. यानेक समोर उभा होता, एवढा उंच की मला त्याचा टायच दिसत होता. आप्पा थांबले. हात मात्र तसाच राहिला. मात्रा गेली, दुसरी गेली. मागे सगळी रांग जागच्या जागी पावलं टाकत होती.

"सोडायचं असतं, आप्पा."

"ठाऊक हाय."

आणि तरी एक मात्रा गेली. मग त्यांनी हात काढून घेतला, यानेकला कमरेत वाकून नमस्कार केला आणि बाजूला झाले. रीतीप्रमाणे त्यांनी मागे जाऊन दुसरी मुलगी घ्यायला हवी होती. पण ते रांगेतून बाहेर पडले, आणि गंमत अशी की त्यामुळेच सगळं जुळलं. बारा मुली, बारा मुलगे. सगळ्यात उंच मुलगा सगळ्यात बुटकीला घेऊन पुढे निघाला आणि लोकांनी मनापासून टाळ्या वाजवल्या.

पुढच्या फेरीत तिसऱ्या खिडकीपाशी कुणी नव्हतं.

नमस्कार झाल्यावर मी थेट कोटांच्या वर्गात गेले. आप्पांचा कोट नव्हता. माझ्या कोटाखाली पिशवी जागेवर होती. मी आत हात घातला. पासपोर्ट एकच होता. माझा. रबरबँड त्याच्याभोवती दुहेरी करून घातलं होतं, निसटू नये म्हणून.

मी बाकावर बसून नाचाचे बूट काढले, तेव्हा पहिल्यांदा त्यांचे तळ बघितले. दोन्ही तळांवर चामड्याचा पातळ तुकडा बसवलेला होता. मागाच्या जुन्या पट्ट्याचं चामडं, आप्पांच्या हत्यारांच्या पेटीत असायचं तेच, कडेने बुटाच्या आकारात सफाईने कापलेलं. मी नखाने ओढून बघितलं. हललं नाही.

दहा, दहा आणि चार.

म्हणजे शुक्रवारी सकाळी, मी शाळेत असताना. तेव्हाच त्यांनी पिशवी उघडली होती. तेव्हाच सगळं बघितलं होतं आणि जसंच्या तसं परत ठेवलं होतं. आणि संध्याकाळी माझ्यासमोर तांदळात हात घातला होता. गादी दोनदा उचलली होती. मला आता आठवलं, बुधवारी सगळ्या खणांतून शोधणाऱ्या माणसाने शुक्रवारी घरातली एकच जागा सोडून सगळीकडे बघितलं होतं. दाराच्या मागे ते एकदाही गेले नव्हते.

ट्रॅमने मी घरी आले तेव्हा आप्पा बॅग भरत होते. जेवणाला भात आणि आमटी होती, ताटं मांडलेली.

"आलीस व्हय? लवकर आलीस."

"हो."

"सापडला बघ माझा."

"कुठे?"

त्यांनी हातातली बनियनची घडी बॅगेत ठेवली आणि भिंतीकडे हनुवटी केली. "कॅलेंडरच्या मागं."

मी भिंतीकडे बघितलं. जानेवारीचं पान, सूत व्यापाऱ्याचं नाव, खिळा.

"तुझा काय तिथं न्हवता," ते म्हणाले. "तुझा तू शोध निवांत. परीक्षेनंतर. आता हातपाय धू, आमटी गार होती."

आम्ही जेवलो. मी बोलले नाही, त्यांनी विचारलं नाही. मंगळवारी विमानतळाच्या बसपाशी त्यांनी माझी वेणी एकदा ओढून बघितली, घट्ट आहे का. म्हणाले, "दोनदा. ध्यानात ठेव." बस वळली तेव्हा ते माझ्याकडे न बघता मान ताठ ठेवून समोर बघत होते.

या गोष्टीला दहा वर्षं होतील. परीक्षा दिली, पुढे शिकले, याच शहरात नोकरी आणि लग्न झालं. आप्पा इचलकरंजीत एकटे राहिले, स्वतःचं स्वतः करून खात. या दहा वर्षांत आम्ही बापलेक एका छपराखाली सलग पंधरा दिवसांच्या वर कधी राहिलो नाही. या हिवाळ्यात ते पहिल्यांदा तीन महिन्यांसाठी आले, ईराला बघायला. येताना कॅलेंडर आणलं. सूत व्यापारी तोच.

काल दुपारी ईराने त्यांच्या चष्म्याचं घर पळवलं आणि फ्रॉकच्या आत धरून दारामागे उभी राहिली. पाय पूर्ण दिसत होते. मी ओट्यापाशी होते.

"गेलं कुठं गं चष्म्याचं घर?" आप्पा म्हणाले. त्यांनी तांदळाचा डबा उघडून आत हात घातला. सोफ्याची गादी उचलली. ठेवली. पुन्हा उचलली. कॅलेंडर खालच्या टोकाला धरून वर केलं आणि मागच्या भिंतीकडे नीट बघितलं.

दारामागून खुदखुद ऐकू येत होती. मग ती थांबली. अडीच वर्षांच्या मुलीला किती धीर धरवणार. ती बाहेर आली, फ्रॉकमधून घर काढलं आणि त्यांच्या हातात दिलं.

"मी घेतलं," ती म्हणाली. तोंड रडवेलं झालं होतं.

"सांगितलंस व्हय?" आप्पांनी तिला उचलून घेतलं. "शहाणी माझी बाय ती. सांगितलंस."

मी नळ बंद केला. हात पुसायला फडका सापडत नव्हता, ओल्याच हातांनी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"आप्पा, तो पासपोर्ट..."

"कुठला गं?" ते म्हणाले. आणि ईराला कडेवर सावरत, मोकळ्या हाताने, त्यांनी कॅलेंडर पुन्हा उचलून मागे बघितलं.